कठड्यालगतची दोन

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीशी माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"अहो, पार्तेरची घेऊ. रंगमंचासमोरच्या खुर्च्या."

"पार्तेर? अगं, फुलांच्या वाफ्यांच्या नक्षीला म्हणतात पार्तेर. बाईसाहेबांच्या बंगल्यापुढे तीस वर्षं तेच तर केलं मी."

"दोन्हीला तेच नाव, फ्रेंच आहे म्हणे. नात नाचणार, तिचा चेहरा जवळून दिसायला नको?"

"नाचात कितव्या रांगेत आहे ती?"

"पाचव्या."

"मग खालून पुढच्या चारच रांगा बघत बस."

"झालं तुमचं सुरू!"

"खरंच सांगतो. दोरी धरून, गुडघ्यांवर बसून झुडपं कातरायचो, तेव्हा मला समोरचं झुडूप तेवढं दिसायचं. नक्षी दिसते वरच्या मजल्यावरून. बाईसाहेब तिथूनच बोट दाखवायच्या, तो कोपरा वाकडा झालाय म्हणून."

"आणि असायचा वाकडा?"

"असेलही. माळ्याला कोण वर बोलावतं?"

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

"चल, पुढे सरक. आपला नंबर आला."

"बोला आजोबा, पार्तेर की बाल्कनी?"

"हिला विचारा. हिला पार्तेर हवंय."

"बाल्कनीची द्या हो दोन," आजी म्हणाल्या. "अगदी कठड्यालगतची."