मोकळ्या फळ्यांचं दुकान

— नाही नाही, बसा हो प्रबोधराव, येतोच आहे मनोहर — ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला गेलाय, मोठं काही ठरवायचं असलं की तिथंच जातो तो — त्यानं हो म्हटलं की दुकान आजपासून तुमचं, नाही का? नीता गेलीय त्याला आणायला. सून माझी. जाताना बजावून गेली, आई, ते दुकान घ्यायला आलेत, त्यांना चहा द्या आणि गप्प बसा. आता मला गप्प बसणं जमायचंय कुठलं? गोष्ट सांगते, तेवढाच वेळ जाईल. तर इथं सिंगापुरात, हौगांगला, एका ब्लॉकच्या तळाशी, मनोहर नावाचा दुकानदार होता, त्याची नीता नावाची बायको, जाई नावाची लेक, आणि एक म्हातारी — तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या फळीवर काय कधीपासून पडलंय ते सगळं तोंडपाठ — हसताय काय? हो, मीच ती.

तर मनोहरला कुणाचं मन मोडवत नसे. सोलापूरचा कुणी विचारायचा, शेंगदाण्याची चटणी मिळेल का हो — की मागव पेटी. नागपूरची बाई सावजी मसाला मागायची — आली पेटी. मालवणचं कोकमाचं आगळ, खानदेशातलं कळण्याचं पीठ — सगळं बोटीनं, पैसे आधी भरून. आणि ती माणसं काय करायची? एक पुडी न्यायची. डोळ्यांत पाणी आणून न्यायची, खोटं नाही बोलत — पण एकच! आणि डिसेंबरात पुण्याला जाऊन येताना तेच सगळं बॅगा भरून स्वतः आणायची. मग पेट्या खायच्या कुणी? आम्ही! जाई ताट बघून म्हणायची, आजी, नॉट चटणी अगेन लाह! दुकान असं गच्च, की येणारा म्हणायचा, वा मनोहर — आणि सकाळची कोथिंबीर आणायला गल्ल्यात दमडी नाही. कोथिंबीर नाही म्हणून रोजचं गिऱ्हाईक तुटलं, भाडं थकलं — पण कळणार कुणाला? फळ्या भरलेल्या ना!

मग नीतानंच सूत्रं घेतली. जुनं होतं ते अर्ध्या किमतीत काढलं, मुदत गेलेलं फेकलं — फेकताना मनोहर तोंड फिरवून उभा. नवी पेटी बंद. रोज खपेल तेवढी भाजी, दही, कढीपत्ता. आणि शनिवारी पुरणपोळ्या — पण म्हणते, पैसे आधी पाठवा, मग मी डाळ आणते! वन-नॉर्थच्या ऑफिसांतली पोरं फोनवरून पाठवतात, शनिवारी येऊन नेतात, संध्याकाळी दुकानात काही उरत नाही. भाडं फिटलं, वर शिल्लक पडतेय. पण मनोहरला त्या मोकळ्या फळ्या बघवत नाहीत. महाराष्ट्र मंडळात कुणी म्हणालं, दुकान बुडालं वाटतं मनोहरचं — तेव्हापासून मान वर नाही. म्हणून तर तुम्हाला फोन केला त्यानं. तुम्हालाही वाटलं असेल, रिकामं दुकान, टेकीला आलेला माणूस, स्वस्तात —

काय? फोनवर बोललात त्या किमतीहून जास्त देता? अहो, आल्या आल्या तर म्हणालात, ह्यात आहेच काय! ... अगबाई. जाई, अशी बघू नकोस माझ्याकडं. नाही हो, म्हातारी काहीही बरळते, शिल्लक-बिल्लक मला काय कळतंय — आणखी वाढवता? पोळ्यांची गिऱ्हाइकंपण हवीत? आणि नीता? पगारावर?

मनोहर! कधीचा उभा आहेस रे दारात? ऐकलंस सगळं? मग बोल ना — थांब नीता, बोलतोय तो.

काय म्हणालास? मोठ्यानं म्हण बाबा, प्रबोधरावांना ऐकू गेलं नाही.

— ऐकलंत ना? दुकान द्यायचं नाही म्हणतोय. उठा आता, आणि वाटेतून जरा सरका — पोळ्या न्यायला माणसं यायला लागलीत.