शेंगेची आई

नाही मास्तर, ती नाही यायची तुमच्या त्या फुलाच्या तासाला — शाळेत धाडते, गणित शिकवा, नकाशे शिकवा, पण व्हॅनिलाच्या मळ्यात निकोलासा पाऊल टाकणार नाही, ही आजी जिवंत आहे तोवर तर नाहीच. बसा, कॉफी घ्या, असं तोंड पाडू नका. पुस्तकात चित्र आहे म्हणता? दाखवा. बी, अंकुर, फूल, फळ, परत बी — गोल गोल फिरतंय. छान आहे. यात कोयता कुठाय?

हसताय? हसा. तुमच्या आधीची अन्सेल्मा बाई पण अशीच हसायची. गोड बाई, शहरातली, पायात पांढरे बूट — चिखलात पांढरे बूट, काय सांगायचं! तिनं सगळा वर्ग मळ्यात नेला. आता तुम्हाला ठाऊक असेल, व्हॅनिलाचं फूल सकाळी उघडतं नि दुपारी मान टाकतं, तेवढ्यात काटकीनं आतला पडदा उचलून अंगठ्यानं दाबायचं — फुलाचं लग्न लावणं म्हणतो आम्ही. बाईनं एकेकाला एकेक फूल दिलं, लग्नं लावून घेतली, आणि म्हणाली, "आता तुम्ही यांच्या आया, फळ पिकेस्तोवर सांभाळा हं!" गमतीनं म्हणाली. अहो, असली गंमत करायची इथे? ज्या हातानं लग्न लावलं त्या हाताची शेंग, आणि तिला दुसऱ्यानं हात लावला तर तो हात राहत नाही — रांगतं पोर सुद्धा जाणतं हे. बाईला वाटलं धडा दिला. पोरांना वाटलं लेकरू दिलं.

मग काय, काट्यानं शेंगांवर आपापल्या खुणा टोचल्या. आमच्या बयेनं कोंबडीचा पाय टोचला. रोज शाळेआधी जायची बघायला. "आजी, माझी लेक वीतभर झाली!" मी म्हणायचे, मेले, नाक पुसता येईना नि आई झालीस. बापाच्या पण मागे लागायची — "पापा, नात बघायला चल की!" तो नुसता धूर सोडायचा. तेव्हा होता तो इथेच, इलारिओ, माझा मुलगा. आता उत्तरेला असतो, सीमेपलीकडे, बांधकामावर. हो, फोन नाही करत. कामातून वेळ कुठे मिळतो?

तर शेंगा भरल्या, थंडीचा तो उत्तरेचा वारा सुटला, बुरबुर पाऊस, आणि एका पहाटे पोरं मळ्यात गेली तर धुक्यात एक माणूस, तोंडाला फडकं, हिरव्या शेंगा ओरबाडून पोत्यात भरतोय. परका. कुठलासा परका. पोरं ओरडली नाहीत हो — ओरडली असती तर पळाला असता. रानवाटेला सगळ्यांच्या कमरेला कोयता असतोच. आधी दगड मारले. गुडघा फुटला, खाली बसला, हात वर केला — बहुतेक बोलायचं होतं त्याला, पण फडकं तोंडात गेलं होतं. मग कोयते. वेलीसुद्धा तुटल्या, मास्तर, झाडांच्या सालीवर इथून तिथवर उडालं होतं. गलका ऐकून मी धावले तेव्हा पोरं पोतं उपसत होती, आपापली लेक हुडकत होती, हात लाल, आणि आमची ओरडली, "सापडली आजी! पहिला घाव मीच घातला!" काय तोंड फुललं होतं तिचं! आणि तो चिखलात, एका पायात बूट नाही, डाव्या पायाची करंगळी आखडलेली — लहानपणी चुलीत पाय घातला होता ना, मी भाकऱ्या थापत होते, वळेस्तोवर —

कॉफी गार झाली तुमची.

नाही, परकाच. परक्यांची पण भाजतात बोटं. असे का बघताय?

बरं. बरं, ऐका मग. फडकं मी सोडलंच नाही. वरून आणखी गाठ मारली. पोरांना म्हटलं, पळा, पोलीस येतील, पळा! — आणि गेली ती नाचत. कुठे पुरला ते विचारू नका. अन्सेल्मा बाईला ठाऊक होतं, उचलताना तीच दुसऱ्या टोकाला धरून होती, पांढरे बूट घालून. त्याच दुपारी गाव सोडून गेली ती, खोलीला कुलूपही न लावता. नि ही रोज विचारते, पापा कधी येणार, त्याला सांगायचंय मी चोराला कसा कापला! ऐकताय? हे सांगायचंय तिला बापाला! आणि तुम्ही तिला परत त्या मळ्यात उभी करणार, पोरं परत ती गोष्ट काढणार, कुणीतरी म्हणणार, त्या चोराची करंगळी...

घेवडा शिकवा. पेल्यात कापूस, कापसात घेवडा. घेवड्याचं लग्न लावावं लागत नाही.

आणि आज ऐकलंत ते या उंबऱ्याबाहेर गेलं ना मास्तर, तर मी म्हातारी आहे, पण ऊस अजून एका घावात तोडते.

आली वाटतं. — ये गं. हे मास्तर, निघालेच होते. त्यांना जरा ओढ्यापर्यंत वाट दाखव, वाटेत त्यांना काही विचारायचं नाही हं... नको. नको, तू थांब. कोयता ठेव खाली, निकोलासा. मी सोडते त्यांना. उठा.