साडूनं विझवलेला लाइट

मी साडूवर जळतो म्हणता ना गा, मग हे ऐका. मेकॅनिकनं माझ्या गाडीच्या इंजिनचं काम करून दिलं, पण डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा लाइट काही जाईना. नागपुरातच हुडकेश्वरले आमचे साडू सतीशभाऊ राहतात, बायकोले घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी खिशातून स्कॅनर काढला, स्टेअरिंगखाली खोचला अन् मोबाइलवरून फॉल्टचा कोड पुसला. लाइट गेला.

बायको म्हणे, "जिजाजीले सारंच येते."

सतीशभाऊ म्हणाले, "जरा चालवून पाहा. फॉल्ट असला तर लाइट परत लागन."

मी मनात म्हटलं, लागू दे देवा. आमचं घर तिथून जवळच, नंदनवनात, पण मुद्दाम सीताबर्डीकडून लांबचा वळसा घेतला. अन् लागला ना लाइट. वरून गाडीही बंद पडली.

"गाडी बिघडली अन् तुम्ही काहून हसून राहिले?" बायकोनं विचारलं.

मी लगेच फोन लावला. "सतीशभाऊ, तुमचा लाइट परत लागला."

"बरं झालं, आजच कळलं. थांबा तिथंच, येतो."

आले, दोर बांधला अन् माझी गाडी ओढत नेली. बायको त्यांच्या गाडीत, समोरच्या सीटवर. मी मागं एकटाच स्टेअरिंग धरून. दोघं हसून राहिले होते, मले दिसत होतं. मी हॉर्न दिला. बायकोनं मागं न पाहता काच वर केली.