नळ चालू, मोरीला बोळा

अरे, कोपर स्टेशनजवळच्या आमच्या मेडिकलवाल्या ताईंशी मी एकदा जाम भांडलेलो. बाबांना खोकला झालेला आणि त्या नेहमीचं सिरप देईचनात.

"काकांना कंपवाताची गोळी चालू आहे ना?"

"मग? खोकल्याशी काय संबंध?"

"सेरोटोनिनसारखी रसायनं वापरून झाली की मेंदूतलं एक एन्झाइम ती मोडून टाकतं. काकांची गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. वर हे सिरप सेरोटोनिन वाढवतं. म्हणजे नळ चालू आणि मोरीला बोळा! जिवावर बेतेल."

"विकायचं नाही तर दुकान कशाला उघडलंत?" असं ऐकवून मी तणतणत घरी आलो.

बाबा फोनवर बोलत होते. समोर शेजारच्या काकू, हातात त्याच सिरपची उरलेली बाटली. आमच्या मजल्यावर औषधंही साखरेसारखी उसनी मिळतात.

बाबांनी फोन ठेवला. "मेडिकलवाल्या ताई होत्या. म्हणाल्या, मुलगा चिडून गेलाय, आता शेजारून मागेल. घेऊ नका."

"मग घेतलंत?"

"चमचा भरलेला होता रे, तेवढ्यात फोन वाजला."

परवा बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. केकचा पहिला तुकडा मी मेडिकलच्या काउंटरवर नेऊन ठेवला.