आठवी रिंग

...नाही पण मला सांगा, बारा जणांनी एकाच क्षणी उडी मारायची, एक जरी मागं राहिला तर सगळा भार त्याच्या बोकांडी, असलं काम फुकटात होतं का हो? पण आमचे साहेब! "स्वस्तात बसव!"

तुम्हाला सांगतो, आमचं मशीन म्हणजे दहा हजार व्होल्टचा झटका, पापणी लवायच्या आत दिला आणि संपला! त्यासाठी बारा स्विच एका रांगेत. प्रत्येकाला 'ऊठ, चालू हो' म्हणून ढोसणारं सर्किट तयार मिळतं, पण महाग... "स्वस्तात बसव!" बसवलं! बारा रिंगा आणल्या, प्रत्येकीवर तार गुंडाळायची, तिची दोन टोकं एकेका स्विचला जोडायची आणि सगळ्या रिंगांच्या पोटातून एकच जाड वायर ओवायची. वायरीत एक ठोका दिला की बाराही जागे! साहेब इतके खूश, म्हणाले, "आण इकडे, एक मी गुंडाळतो, त्यात काय मोठंसं!" आणि आठवी रिंग त्यांनी गुंडाळली.

झालं! चालू केलं की फट्! आठवा स्विच खलास. नवा घातला, फट्! आणखी एक, फट्! स्टोअरच्या बाई चष्म्यावरून बघतात, "अहो, स्विच नेताय की शेंगदाणे?" साहेब कडाडले, "चारला गिऱ्हाईक येतंय. मशीन चाललं नाही तर कायम व्हायचं विसर!" तीन वर्षं टेंपररी आहे हो मी! बायको रोज दारातच विचारते, "झालात का?"

साडेतीनला चौथ्या स्विचची चिठ्ठी घेऊन गेलो, साहेबांनी पेन उचललं, सही केली... डाव्या हातानं! अहो, साहेब डावरे! माझ्या अकरा रिंगा सुलट गुंडाळलेल्या, त्यांची आठवी उलट! अकरा स्विच चालू होतात, आठव्याला उलटा हुकूम, तो बंदच बसतो, नि सगळे दहा हजार एकट्याच्या डोक्यावर!

आता हे साहेबांना सांगणार कोण? मी? छे! गपचूप आठवीच्या तारेची दोन टोकं अदलाबदल केली, स्विच घातला आणि घाम पुसला.

चार वाजता ठाक्! ठाक्! ठाक्! एकही मेला नाही! गिऱ्हाईक खूश, माझ्या कायमच्या कागदावर सही, डाव्या हातानं, आणि साहेब गिऱ्हाइकाला काय सांगतायत? "ती आठवी दिसते ना? माझ्या हातची! पुढच्या मशीनच्या बाराही मीच गुंडाळणार. स्वस्तात बसतं!"

गुंडाळा म्हटलं, साहेब. बाराच्या बारा उलट्या झाल्या तर बरंच आहे... मला एकच वायर उलटी ओवावी लागेल.