टपावरचा भोंगा

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत शिंपीणबाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. समोरच्या जुन्या ट्रकची केबिन गळत होती. ड्रायव्हरची बायको आत बसली होती, मिस्त्री बाहेरून पाइपने पाणी मारत होता आणि ड्रायव्हर हाताची घडी घालून उभा होता.

"काचेच्या रबरातून येतंय ना गं?"

"रबर कोरडं आहे. तुम्ही एवढं सिलिकॉन थापलंय, गवंड्यानं लाजावं!"

"मग दारातून येत असेल. तुझ्या बाबांनी सडकी गाडी गळ्यात मारली, दुसरं काय!"

"बाबांचं नाव नंतर घ्या. मिस्त्री, आता टपावर मारा."

"टपाला काय धाड भरलीय? उगाच वेळ घालवू नका."

"आलं! थेट माझ्या डोक्यावर. वर काय आहे हो, मिस्त्री?"

"भोंग्याचा स्क्रू, वहिनी. पत्र्याला आरपार भोक पाडलंय."

"बाबांच्या वेळी भोंगा नव्हता. हौसेनं कुणी बसवला हो?"

"मिस्त्री, तेवढं सिलिकॉन लावून टाका."

शिंपीणबाईंची स्कूटर केव्हाच तयार झाली होती, पण त्यांचा पाय निघेना.

"थांबा मिस्त्री, पाणी चालू ठेवा. मी उतरते. अहो, या, बसा माझ्या जागेवर. आणि आता बोला, माझ्या बाबांनी काय गळ्यात मारलं ते!"