तात्यांची सावली

आमच्या रानात खुरपायला येणाऱ्या रखमाकाकूची आठवण निघाली की मला आधी आमच्या तात्यांचं तोंड दिसतं. तात्या म्हणजे माझे चुलते, शहाणपणाचा भारी ताठा. मी बारामतीची शाळा सोडून सणसरला आलो, त्या वैशाखातली गोष्ट. रानात घड्याळ कुठलं? खुरपणाऱ्या बायकांची सुट्टी तात्यांच्या सावलीवर ठरायची. सावली पायाशी आली, की पाणी प्यायचं आणि लिंबाखाली टेकायचं.

त्या दिवशी सुट्टी होईचना. रखमाकाकू उसाच्या सरीतच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही तिला उचलून लिंबाखाली आणलं, ओलं धडपं गुंडाळलं. तात्या तिथंच खोडाला टेकून बसलेले.

“तात्या, सुट्टी का दिली न्हाय?” मी विचारलं.

“माझी सावली कुठं आलीय अजून पायाशी?”

“झाडाखाली बसल्यावर तुमची सावली दिसंल कशी?”

मी त्यांना दंडाला धरून उन्हात उभं केलं. दिवस कधीच कलला होता. सावली पार पलीकडं पडली. तात्या खाली वाकून ती निरखायला लागले.

तेवढ्यात रखमाकाकूनं डोळे उघडले. घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, “आता उद्याच यील ती पायाशी. तवर तितंच उभं ऱ्हावा, तात्या.”